मातीच्या भिंतीचा नवा अंगरखा



धडगावकडच्या एका पाड्यावरून सातवीतल्या एका दोस्ताचं पत्र आलंय. छोटंसंच, पण मुद्द्याचं. तो म्हणतो, घर सजवायच्या वस्तू मी करतो, पण टांगू कुठे? आमच्या घराला कुडाची भिंत. खिळा ठोकला की ओंजळभर माती खाली येते. शिवाय दिवाळीनंतर मोठ्या बहिणीचं लग्न आहे, पाहुणे येणार, म्हणून दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचं बाबांच्या मनात आहे. त्यासाठी पैसे उसने घ्यावे लागणार. आणि पत्राच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात : ‘सर, वर्गातल्या मुलांना घरी बोलवायला मला बरं वाटत नाही.’

म्हणून आज कात्री-पुठ्ठा बाजूला ठेवू. आज हात मातीत घालायचेत!

आधी खिळ्याचं बघू, ते सोपं आहे. कुडाच्या भिंतीत खिळा मारायचाच नसतो. घराचा भार भिंतीवर नसतो, तो असतो लाकडी मेढींवर आणि वरच्या आड्यावर. टांगायचं ते तिथंच सुतळीने बांधायचं. जुन्या लुगड्याच्या तीन पट्ट्या घेऊन वेणी घाला, अशा चार वेण्या एका फळीच्या चार कोपऱ्यांना बांधा, आणि वर एकत्र करून आड्याला अडकवा. झालं पुस्तकांचं शिंकं. उंदरांनाही तिथवर पोचायला कष्ट पडतात.

आता सिमेंटचं. ही गोष्ट नीट वाचा, कारण इथे घरचे पैसे पणाला लागलेत. मातीची भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि ऊन पडलं की ती बाहेर सोडते. वरून सिमेंट थापलं, की ओल आत अडकते. माती आणि सिमेंट दोन्ही ऊन-पाण्याने कमी-जास्त होतात, पण सारख्या मापाने नाही. त्यामुळे मधे फट पडते. फटीतून पाणी शिरतं, आतली माती भुसभुशीत होते, बांबू कुजायला लागतात. वरून भिंत छान राखाडी दिसते, आणि मग गिलाव्याचा पोपडा एकदम सुटतो. पक्क्या विटांच्या घरकुलाला सिमेंट शोभतं, मातीला नाही. मातीवर मातीच बसते.

पण हे बाबांना भाषण देऊन सांगायचं नाही हं! वडीलधाऱ्यांना तोंडाने पटवण्यापेक्षा हातात काही तरी करून दाखवावं. काय दाखवायचं? वड्या!

आधी माती पारखू. काचेच्या बाटलीत निम्म्याहून कमी माती, निम्म्याहून जास्त पाणी घाला, झाकण लावून खूप हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात वाळू तळाशी बसेल, त्यावर काही तासांनी बारीक गाळ. चिकणमाती सगळ्यात शेवटी; दुसऱ्या दिवशीसुद्धा पाणी गढूळ दिसेल. नुसती काळी कपाशीची माती असेल तर ती भिंतीला एकटी चालत नाही. ती भिजली की फुगते, वाळली की तडकते. उन्हाळ्यात शेताला पडलेल्या भेगा आठवा. तिच्यात वाळू किंवा मुरमाची चाळलेली माती मिसळावी लागते.

मग चार वड्या करा, चपातीएवढ्या, बोटभर जाडीच्या. पहिली नुसत्या मातीची. दुसरीत माती आणि बारीक कापलेला पेंढा किंवा गव्हाचा भुसा. तिसरीत त्याशिवाय शेण. चौथीत हे सगळं आणि वाळू. काडीने त्यांच्यावर आकडे कोरा, सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या (उन्हात ठेवाल तर सगळ्याच तडकतील). नंतर कोणती किती भेगाळली ते बघा. मग वड्या तिरक्या उभ्या करून तळाला भोक पाडलेल्या डब्यातून प्रत्येकीवर सारखंच पाणी सोडा. कोणती आधी विरघळते? भुशाच्या आणि शेणातल्या धाग्यांनी मातीला धरून ठेवलेलं तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. जिंकलेली वडी बाबांच्या हातात द्या आणि गप्प बसा. पुढचं वडी बोलेल. आणि घरात आजी असेल तर तिला आधीच विचारा. कदाचित वड्या बघायच्या आधीच ती बरोबर माप सांगून टाकेल!

जिंकलेलं मिश्रण भरपूर कालवा, ओल्या गोणपाटाखाली तीन-चार दिवस मुरू द्या, रोज पायाने तुडवा. या तुडवण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आफ्रिकेत माली देशात जेने नावाचं गाव आहे. तिथली भली मोठी मशीद सगळी मातीची. आजची इमारत १९०७ साली बांधून झाली, आणि १९८८ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. तिला दर वर्षी नव्याने लिंपतात. सारं गाव जमतं, लहान पोरं अनवाणी पायांनी चिखल तुडवतात, मोठी माणसं भिंतीवर चढतात. आपल्याकडे पोळ्याला असते तशी धमाल!

लिंपताना भिंतीवरची सुटी माती आधी झाडून काढा, भिंत पाणी शिंपडून ओली करा. कोरड्या भिंतीवर लेप धरत नाही. तळहाताने पातळ थर द्या, तो वाळू द्या, मग दुसरा पातळ थर. घाईघाईने एकच जाड थर दिलात तर तो तडकलाच म्हणून समजा. भिंतीच्या पायाशी पागोळ्यांचे शिंतोडे उडून माती झिजते, तिथे बाहेरून चपटे दगड लावा. हाताला जखम असेल तर शेणामातीत हात घालू नका, आणि काम झालं की साबणाने हात धुवा. धनुर्वात हा काही गमतीचा आजार नाही.

आता रंग. गेरू आणि पांढरी माती, बस्स. बाभळीचा डिंक रात्री भिजवून त्याचं पाणी रंगात घाला, म्हणजे पाहुण्यांच्या पाठीला रंग लागणार नाही. खाली हातभर उंच गेरूचा पट्टा ओढा. त्यावर शिंतोडे दिसत नाहीत. कुंचला विकत कशाला? बांबूची काडी टोकाला चेचली की झाला. चुन्याचा मात्र हट्ट नको. चुनकळी विझवताना पाणी उकळतं, शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. ते काम मोठ्यांचं.

काय काढायचं, हे मी सांगणार नाही. फक्त एक ओळख करून देतो. तुमच्या धडगावच्या डोंगरांपलीकडे नर्मदा, तिच्या पलीकडे अलिराजपूर, आणि त्याच्याही पुढे झाबुआ. तिथल्या पिटोल गावच्या भिल्ल चित्रकार भुरीबाई. लहानपणी त्या घराच्या मातीच्या भिंतीवर गेरू, पांढरी माती आणि काजळीने चित्रं काढत. पुढे त्या भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरीला गेल्या. तिथे चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना चित्र काढायला सांगितलं आणि कागद-रंग हाती दिले. आपल्या घरी भिंतीवर काढत होत्या तेच त्यांनी कागदावर काढलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तर दोस्ता, पाऊस संपला की लगेच माती चाळायला घे. दोन थर, वाळवण आणि रंग मिळून तीन आठवडे सहज जातील. एकट्याने होणारं हे काम नाही, तुडवायला पाय लागतात. वर्गातल्या चार-पाच जणांना रविवारी घरी बोलव. आणि कोणत्या आकड्याची वडी जिंकली, ते मला कळव.