चंदेरी टोपीचा व्हॉल्व्ह

मुलांनो, परवा आमच्या चौथीच्या वर्गात एकाने खिशातून काचेची नळी काढली. "बाई, हा आजोबांच्या रेडिओतला बल्ब. याचं डोकं पांढरं का झालं?"

बल्ब नव्हे बरं का, तो होता व्हॉल्व्ह! यात हवा नसते. आतली तार तापली की कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे धावतात. वाटेत असते बारीक जाळी. ली डी फॉरेस्टने 1906 मध्ये ती बसवली आणि कमालच झाली. जाळीवरच्या इवल्याशा विजेने प्लेटकडचा मोठा प्रवाह कमी-जास्त करता येऊ लागला. म्हणजेच बारीक आवाज मोठा झाला.

1947 साली ट्रान्झिस्टर आला, आणि पुढे घराघरांतले व्हॉल्व्ह गेले. पण संगीताच्या दर्दी लोकांनी काही ते सोडले नाहीत. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावच्या मॅकिन्टॉश कंपनीने 1961 मध्ये एमसी 275 नावाचा अँप्लीफायर काढला. त्यात केटी 88 जातीचे चार थोरले व्हॉल्व्ह. वजन सुमारे 30 किलो, म्हणजे तुमच्यातल्या एखाद्याएवढं!

आता आजारांकडे वळू. व्हॉल्व्हच्या डोक्यावर आतून चंदेरी थर असतो, तो बेरियमचा. आत चुकून राहिलेला वायू तो शोषून घेतो. काचेला चीर गेली, हवा शिरली, की चंदेरीचं पांढरं होतं. आमच्या वर्गातल्या व्हॉल्व्हचं हेच झालं होतं. दुसरा आजार म्हातारपणाचा. कॅथोड झिजतो, आवाज क्षीण होतो. या दोन्हींत घाबरायचं कारण नाही. व्हॉल्व्ह खोबणीत बसवलेला असतो, तो बदलण्यासाठीच.

तिसरा आजार मात्र वाईट. जाळीवर ऋण दाब असतो, तो प्रवाहाला लगाम घालतो. लगाम सुटला की प्लेट तापून लालभडक होते. मालक घाईने नवा, महागडा व्हॉल्व्ह खोचतो. थोड्या वेळाने तोही लाल! कारण दोषी व्हॉल्व्ह नसतोच, शेजारचा एखादा गळका कपॅसिटर असतो. कधी याच्या उलट घडतं. व्हॉल्व्ह आत शॉर्ट होतो आणि जाता जाता एखादा रेझिस्टर जाळून जातो. मग नवा व्हॉल्व्ह घालूनही यंत्र मुकंच.

अशा वेळी यंत्र कंपनीच्या दुरुस्ती विभागाकडे पाठवलेलं बरं, असं मला वाटतं. त्यांच्याकडे मूळ आराखडा असतो, कुठे किती व्होल्ट हवेत हे ठाऊक असतं. पाठवताना व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळायचे, नाहीतर वाटेतच काचेचा चुरा! खर्च होतो खरा, आणि व्हॉल्व्हची हमीही सहसा काही महिन्यांचीच असते. (पालकांनो, खरेदीआधी हे विचाराच.)

मॅकिन्टॉशने 1962 पासून आणखी एक गोष्ट केली. त्यांची माणसं मोजणीची यंत्रं घेऊन दुकानोदुकानी जात. कुणीही, कुठल्याही कंपनीचा अँप्लीफायर आणावा, ते फुकट तपासत आणि आलेख काढून हातात देत. दवाखानाच की!

तुम्ही मात्र रेडिओ किंवा अँप्लीफायर उघडायचा नाही हं. आत 400 व्होल्टपेक्षा जास्त दाब असू शकतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. पण जुन्या बाजारात सुटा व्हॉल्व्ह मिळाला, तर त्याचं डोकं चंदेरी आहे की पांढरं, ते मला पत्राने कळवा.