एनसीच्या कागदाची कोरी बाजू

आमच्या गावात रात्री पोलिसांची गाडी आली की आधी कुत्री ओरडतात, मग ओट्यावरचे दिवे लागतात. मेहकर तालुक्यातल्या या गावात मी सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवते. नवऱ्यानं मारलं की बाया माझ्याकडे येतात, आणि ११२ हा नंबर मीच त्यांच्याकडून पाठ करून घेते. तो फोन आपल्या ठाण्यात वाजत नाही, नवी मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या केंद्रात लागतो. म्हणून बजावते, रडू आलं तरी आधी गाव, तालुका, जिल्हा सांग.

गाडी आली म्हणजे नवऱ्याला नेलंच, असं बायांना वाटतं. बहुतेकदा तसं होत नाही. पोलीस त्याला बाजूला घेतात, आवाज चढवतात, तो हात जोडतो. मग तिला विचारतात, "रिपोर्ट द्यायचा का?" सासू मागून म्हणते, "पोट्टे झोपले हायेत, सकाळी पाहू." ती गप्प राहते. 'समज दिली' एवढ्यावर गाडी परत जाते. आणि ती घरात, त्याच माणसाजवळ. मला भीती वाटते ती या पुढच्या चार तासांची. म्हणून त्या रात्री मी तिला घरी थांबू देत नाही. पोरांना उचलायचं आणि माझ्याकडे यायचं.

ठाण्यात गेल्यावर साध्या मारहाणीची एनसी होते, म्हणजे अदखलपात्र नोंद. छळ वारंवार होत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे, जुनं ४९८-अ. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि एफआयआरची नक्कल फुकट मिळते. तरी लगेच अटक होईलच असं नाही. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून अशा गुन्ह्यात आधी नोटीस देतात. तो संध्याकाळी घरी आलेला दिसला की बाईचं अवसान जातं. हे तिला आधीच सांगून ठेवलं पाहिजे.

सगळ्यात नाजूक जागा दवाखाना. ठाण्यातून मेडिकलची यादी देतात, ती घेऊन ग्रामीण रुग्णालयात जायचं. एकीच्या कानामागून मानेपर्यंत रक्त सुकलं होतं, पदर तिथंच चिकटला होता. डॉक्टरांनी विचारलं, कशानं लागलं? दाराशी जाऊ उभी होती. "ओट्यावरून पडले," ती म्हणाली. तेच लिहिलं गेलं. पुढं खटल्यात नवऱ्याच्या वकिलानं तोच कागद वर धरला. तेव्हापासून मी सासरच्या माणसाला त्या खोलीत पाय ठेवू देत नाही, भांडण झालं तरी चालेल.

आता माझी तक्रार. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ५ पोलिसांना सांगतं की बाईला संरक्षण अधिकाऱ्याची, मोफत वकिलाची, संरक्षणाच्या आदेशाची माहिती द्या. घर तिच्या नावावर नसलं तरी तिला बाहेर काढता येत नाही, तिला खर्च मागता येतो, मारहाण थांबवण्याचा आदेश मिळू शकतो. अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. मी ज्यांच्याबरोबर गेले त्यांच्या तारखा त्याहून कितीतरी लांबल्या. पण अर्ज करता येतो हेच जिला कुणी सांगितलं नाही, ती तारखेपर्यंत पोचणार कशी? आमच्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' छापली. त्या जिल्ह्यात एवढी गोष्ट तोंडी सांगायला कुणाला वेळ नसावा, याचा मला राग येतो.

माझी मागणी लहान आहे. एनसीच्या कागदाची मागची बाजू कोरी असते. तिथं संरक्षण अधिकाऱ्याचं नाव, फोन आणि बसायची जागा छापून द्या. तोवर मी पेन घेऊन जाते आणि ठाण्याच्या बाकावरच लिहून देते. मागच्या महिन्यातल्या बाईचा असा कागद तिच्या घरी ठेवायची सोय नाही. तो माझ्या कपाटात, पोषण आहाराच्या रजिस्टरखाली, प्लास्टिकच्या पिशवीत आहे.