दगडाच्या पोटातली जन्मपत्रिका

८ फेब्रुवारी १९६९. मध्यरात्र उलटून तास झाला होता. उत्तर मेक्सिकोतल्या चिवावा राज्यात लोक गाढ झोपेत असताना आभाळ दिवसासारखे उजळले, कानठळ्या बसवणारा गडगडाट झाला आणि माळावर, शेतांत काळ्या दगडांचा पाऊस पडला. जवळच्या गावावरून त्याचे नाव पडले आयेंदे अशनी. अशनी म्हणजे जळून न जाता जमिनीपर्यंत पोचलेली उल्का. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले शास्त्रज्ञ काही दिवसांतच तिथे हजर झाले. दगड वेचायला गावच्या शाळकरी मुलांचीही मदत झाली. एकूण दोन टनांहून अधिक दगड गोळा झाले आणि त्यांचे तुकडे जगभरच्या प्रयोगशाळांना वाटले गेले.

योगायोग असा की, त्याच वर्षी जुलैमध्ये चंद्रावरचे दगड पृथ्वीवर येणार होते. त्यासाठी अतिसूक्ष्म मोजमाप करणारी यंत्रे आणि धूळ शिरू न देणाऱ्या खोल्या सज्ज होत होत्या. कॅलिफोर्नियातल्या जेराल्ड वासरबर्ग यांनी तर आपल्या प्रयोगशाळेचे नाव गमतीने ‘वेड्यांचे इस्पितळ’ असे ठेवले होते. त्या इंग्रजी नावात चंद्रही दडलेला आहे. चंद्राच्या स्वागताला घर सारवून ठेवावे आणि दुसराच पाहुणा आधी दारात यावा, तसे झाले.

या पाहुण्याच्या पोटात काय होते? आयेंदेचा तुकडा कापला की काळपट दगडात पांढरे ठिपके दिसतात, काही तिळाएवढे, काही हरभऱ्याएवढे. ते कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमच्या खनिजांचे आहेत. थंडी पडू लागली की घरात आधी तूप थिजते, मग खोबरेल. गोडेतेल मात्र तसेच राहते. सूर्याभोवतीचा तप्त वायू निवू लागला तेव्हा असेच घडले. हजार अंशांहून कितीतरी अधिक तापमान असतानाच जी खनिजे घन झाली, ती या ठिपक्यांतली. म्हणजे आपल्या सूर्यकुलातले हे पहिलेवहिले घन कण. शिसे आणि युरेनियमच्या मोजणीतून २०१२मध्ये त्यांचे वय निघाले ४५६ कोटी ७३ लाख वर्षे, आणि त्यात चूक फार तर एक लाख साठ हजार वर्षांची. पृथ्वीवर सापडलेले सर्वांत जुने खनिजकण, ऑस्ट्रेलियातले, सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत. पृथ्वीने आपले बालपण स्वतःच पुसून टाकले. ते जपले या दगडांनी.

नुसते वय कळले असते तरी पुरे होते. पण १९७६मध्ये वासरबर्ग आणि त्यांचे सहकारी टायफून ली व दिमित्री पापानास्तासिऊ यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वजनाचे असू शकतात. त्यांना समस्थानिक म्हणतात. ॲल्युमिनियमचा २६ वजनाचा अणू अस्थिर असतो. सुमारे सात लाख वर्षांत त्याचा निम्मा साठा संपतो आणि त्याचे मॅग्नेशियम-२६ बनते. जन्माच्या वेळचा हा साठा कधीच संपला. पण उदबत्ती जळून गेली तरी राख उरते, आणि जिथे जास्त उदबत्त्या लावल्या तिथे राखही जास्त. पांढऱ्या ठिपक्यांत नेमके हेच आढळले. ज्या खनिजात मॅग्नेशियमच्या तुलनेत ॲल्युमिनियम अधिक, तिथे मॅग्नेशियम-२६ही त्याच प्रमाणात अधिक. हिशेब केला तर सूर्यकुलाच्या आरंभी ॲल्युमिनियमच्या दर लाख अणूंत पाच अणू या अस्थिर जातीचे होते.

हे अणू घडतात मोठ्या ताऱ्यांच्या पोटात. तेव्हा आपला सूर्य जन्मण्याच्या थोडेच आधी कुठल्यातरी ताऱ्याने आपले धन या ढगात उधळले असले पाहिजे. तो तारा कोणता आणि कसा होता, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. पण त्या धनाने काय केले ते मात्र आपल्याच देशात उलगडले. या अणूंच्या उष्णतेने छोटे ग्रहगोल वितळले असावेत, अशी कल्पना हॅरल्ड युरी यांनी १९५५मध्येच मांडली होती. जून १९९६मध्ये राजस्थानातल्या पिपलिया कलाँ येथे वितळून घट्ट झालेल्या एका गोलाचा तुकडा पडला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांना त्यात हीच राख सापडली; १९९९मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यांतले जितेंद्रनाथ गोस्वामी पुढे चांद्रयान-१चे प्रमुख शास्त्रज्ञ झाले.

आता आपल्यापैकी कोणी म्हणेल, नळाला दिवसाआड पाणी येते, तिथे ४५६ कोटी वर्षांपूर्वीच्या राखेचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला कोरडे उत्तर देऊ नये. अमेरिकेतल्या क्लेअर पॅटरसन यांची गोष्ट ऐका. अशनींतल्या शिशाचे समस्थानिक मोजून, त्यांतही एका लोखंडी अशनीतल्या गंधकयुक्त खनिजाचा आधार घेऊन, त्यांनी १९५६मध्ये पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे दाखवले. पण मोजणी करताना त्यांना जिकडेतिकडे शिसेच सापडे: हवेत, धुळीत, हातांवर. ते टाळण्यासाठी त्यांनी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभी केली आणि मग ते शिसे येते कुठून याचा माग काढला. एक मोठा मार्ग निघाला मोटारींच्या पेट्रोलचा. उद्योगांशी वैर पत्करून ते वर्षानुवर्षे हे सांगत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २०००मध्ये बंद झाले, जगात मोटारींसाठी ते २०२१मध्ये संपले. रस्त्यावर खेळणाऱ्या आपल्या मुलांच्या रक्तातले विष कमी झाले, त्याची एक वाट दगडाचे वय विचारणाऱ्या माणसाच्या टेबलावरून निघाली आहे. निरुपयोगी वाटणाऱ्या कुतूहलाचा उपयोग असा मागच्या दाराने येतो.

दुसरा हिशेब पैशांचा. बेन्नू या लघुग्रहावरून अमेरिकेच्या यानाने सप्टेंबर २०२३मध्ये १२१.६ ग्रॅम माती आणली. मोहिमेचा खर्च शंभर कोटी डॉलरहून अधिक. तो वाया गेला असे मुळीच नाही. ती माती पृथ्वीच्या हवापाण्याचा स्पर्श न होता आली. पण त्याच कुळातले दगड आपल्या शेतात फुकट पडतात. ६ जून २०१७ रोजी जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे पडलेला अशनी अशाच आदिम, कार्बनयुक्त जातीचा होता. पैसा न लागणाऱ्या या देणगीला दोनच गोष्टी लागतात: तयार प्रयोगशाळा आणि जागा माणूस. पहिली आपल्याकडे आहे, तिला निधीची ओढ लागू देता कामा नये. उणीव आहे ती दुसऱ्याची, शेत आणि प्रयोगशाळा यांच्यामधल्या दुव्याची.

बुलढाण्याच्या लोणारला आपण मुलांना घेऊन जातो, विवर पाहतो, फोटो काढतो. पण उद्या आपल्याच बांधावर काळ्या सालीचा अनोळखी, जड दगड पडला तर काय करायचे, हे त्या मुलांना कोणी सांगते का? तो धुऊ नये. लोहचुंबक लावून पाहू नये, कारण त्याची जुनी चुंबकीय खूण पुसली जाते. फोडून वाटू नये. स्वच्छ, कोरड्या पिशवीत ठेवून, पडल्याची जागा आणि वेळ लिहून ताबडतोब तलाठी किंवा पोलिसांमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. घाई अशासाठी की, त्यातले काही अल्पायुषी अणू दिवसांतच विरून जातात. हे सारे पाठ्यपुस्तकाच्या एका पानात मावेल. ते पान हवे.

आणि त्याला शेंदूर लावू नये. भक्तीला विरोध म्हणून नव्हे. परंपरेतला शेंदूर म्हणजे शिशाचेच संयुग, आणि या दगडाचे वय सांगणारा साक्षीदारही शिसेच. साक्षीदाराच्या तोंडात आपले शब्द कोंबले तर तो खरे कसे सांगणार? ज्याने सूर्याचे बालपण पाहिले त्याच्यापुढे हात जोडावेत, जरूर जोडावेत. पण ते दुरून.