बिनभांडवली धंद्याचे भांडवल



2020 च्या पावसाळ्यात भुशी धरणावर पर्यटनबंदी होती. कणीस-भजी विकणाऱ्या बायकांची हंगामाची कमाई बुडाली. टाळेबंदीत कमाई गेलेल्या अनेकींनी देशभर मोबाईलवरून साड्या-कुर्ते विकायला घेतले. माल पुरवठादाराचा, आपण व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचे, किमतीवर आपला नफा चढवायचा. माल साठवायला नको, म्हणून धंदा ‘बिनभांडवली’! समजा, एका साडीवर 50 रुपये सुटले. त्यातून रिचार्ज, परत आलेला माल, रात्री उशिरापर्यंत गिऱ्हाइकांना दिलेली उत्तरे वजा कोणी केली? बचत गटांच्या वह्या मी पाहते. त्यांत बाईच्या वेळेचा रकाना नसतो. तो आपणच आखूया. न मोजलेल्या श्रमांचा मोबदला मागणार कसा?