पाळी संपल्यावर

एप्रिलमध्ये अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक गेले. त्यांना आपण दरवर्षी मानवंदना देतो, ती दिलीच पाहिजे. पण त्या आगीतून जिवंत परतलेले जवानही होते. त्यांच्याविषयी सप्ताहात कुणी भाषण करत नाही.

माळीण, तळिये, इर्शाळवाडीसारख्या दरडींच्या दुर्घटनांनंतर ढिगारे उपसणाऱ्यांची निदान विचारपूस तरी होते. खरे साचत जाते ते रोजच्या वर्दीतून. विहिरीतून काढलेले पोर, रुळांवरून गोळा केलेला देह, १०८च्या रुग्णवाहिकेत दवाखान्याच्या वाटेवरच थांबलेला श्वास. छोट्या नगरपालिकेच्या केंद्रात तर मोजकी माणसे आणि गेलेला माणूस पुष्कळदा ओळखीचा. ‘मृतदेह पोलिसांच्या ताब्यात दिला’ एवढे नोंदवहीत लिहिले की पाळी संपते. मग कुणाची झोप उडते, कुणी घरात विनाकारण खेकसतो, कुणाचे पिणे वाढते. यावर आपले औषध ठरलेले : ‘होईल सवय.’ सांगणाऱ्या तांडेलालाही ती झालेली नसते, हे सगळ्या केंद्राला ठाऊक असते.

दुसऱ्या टोकाला एक उत्साही उपाय आहे. घटनेनंतर सगळ्यांना गोल बसवायचे आणि काय पाहिले ते एकेकाला बोलायला लावायचे. अमेरिकेतल्या जेफ्री मिचेल या माजी अग्निशामकाने १९८३ मध्ये अशा बैठकीची पद्धत मांडली. हेतू चांगलाच होता. मात्र वैद्यकीय संशोधने एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००२च्या आढाव्यानुसार, आघातानंतरच्या एकाच बैठकीने पुढचा मानसिक आजार टळत नाही. भाजलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात तर बैठक झालेल्यांची अवस्था वर्षभराने अधिक वाईट आढळली. तेव्हा सक्तीने बोलते करणे नको.

ब्रिटनच्या रॉयल मरीन्सनी घडवलेली रीत आपल्याला जवळची वाटावी. तिथे डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण घेतलेला सहकारीच घटनेनंतर साधारण तीन दिवसांनी आणि पुन्हा महिन्याने भेटतो. झोप, चिडचिड, दारू, कामातले लक्ष यांविषयी विचारतो. महिन्यानेही उतार नसेल तर तज्ज्ञाकडे नेतो. तो स्वतः उपचार करत नाही. आमच्या मते खरी कसोटी ही दुसरी भेट आहे. पहिल्या आठवड्यात सगळेच विचारतात; महिन्याने कुणी फिरकत नाही.

आपल्याकडे हे रुजवायचे तर एक अट सोडून चालणार नाही. अशा सहकाऱ्याने ऐकलेले वरिष्ठांपर्यंत जाता कामा नये. अपवाद फक्त जिवाला धोका असेल तेव्हाचा. म्हणून जो गोपनीय अहवाल लिहितो, त्याच्याकडे हे काम देऊ नका. बढतीची भीती असेल तिथे कुणी तोंड उघडणार नाही.

मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना आणि १०८च्या व्यवस्थापकांना आमची विनंती आहे : या कामासाठी प्रत्येक पाळीतले दोघे जवानांनाच निवडू द्या, त्यांच्या प्रशिक्षणाचे दिवस कामाचे धरा आणि या भेटींसाठी पाळीतच वेळ ठेवा. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक वर्दीच्या फोनशेजारी लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.