दवाखाना हवा, पण तिठ्यावर



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. आमच्या खोऱ्यात सध्या एकच विषय आहे, नवीन प्राथमिक आरोग्य केंद्र. सह्या झाल्या, ग्रामसभांचे ठराव झाले, तालुक्याला निवेदन देऊन झाले, मुंबईच्या मंडळाची मीटिंगही झाली. केंद्र हवे याबद्दल सगळ्यांचे एकमत आहे. फक्त ते कुठे हवे याबद्दल प्रत्येक गावाचे वेगवेगळे एकमत आहे!

मी माझे मत ग्रामसभेत उभे राहून सांगितले. तेव्हापासून दोन-चार घरांनी माझ्याशी बोलणे टाकले आहे. नातेवाइकांचे फोन येतात, "काकू, तुम्ही गावाच्या विरोधात गेलात म्हणे?" फोनवर एवढे सगळे सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. ब्लॉगवरच्या मित्रमंडळींनाही यातले काही आपापल्या गावी उपयोगी पडेल.

आधी मागणीच रास्त आहे का, ते पाहू. पुण्याहून माझा पुतण्या म्हणाला, "तालुक्याला एवढे प्रायव्हेट दवाखाने आहेत, मग सरकारी कशाला?" प्रश्न पुण्यात बसून विचारलेला आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी जी गावे आहेत, तिथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. पावसाळ्यात पऱ्याला पाणी आले की साकवावरून जाता येत नाही, दरड आली की रस्ता बंद. वस्तीची एस.टी. पहाटे सुटते, तिच्यातून पेशंट गेला तर संध्याकाळी परत येतो. वरच्या वाड्यांतून अजूनही म्हाताऱ्या माणसाला खुर्चीला बांबू बांधून, डोली करून खाली आणावे लागते. २०१४ पासून १०८ ची गाडी आली, तिने अनेकांचे जीव वाचवले, हे मान्य. पण तिला बोलवायला आधी मोबाइलला रेंज यावी लागते, आणि गाडी यायला रस्ता लागतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. चांगलेच झाले. पण केसपेपर फुकट आणि तिथपर्यंत जायची रिक्षा शेकड्यांत, असा आमचा हिशेब आहे. रोजावर जाणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा रोजही बुडतो. मग ती काय करते? अंगावर काढते. उपचार मोफत असून भागत नाही, तो जवळही असावा लागतो.

आमच्याकडे उपकेंद्र आहे. नर्सबाई आहेत, आशाताई आहेत, आणि दोघींच्या कामाबद्दल मला आदरच आहे. लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, बीपी-शुगर ही कामे तिथे होतात. हल्ली त्या इमारतीवर आयुष्मान आरोग्य मंदिर असा फलकही आहे. पण तिथे एमबीबीएस डॉक्टर नसतो. फुरसे चावले, विंचू चावला, बाळंतपण अडले तर उपकेंद्राने पुढे पाठवायचे, एवढेच त्याच्या हातात असते.

आता नियमाकडे वळू. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला आणि त्यात सुरुवातीला ४० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले. पुढे हे प्रमाण सपाटीवर ३० हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २० हजार असे ठरले. उपकेंद्रासाठी ते अनुक्रमे ५ हजार आणि ३ हजार. आमच्या खोऱ्यातली सगळी गावे एकत्र केली तरी आम्ही २० हजारांच्या बरेच खाली राहतो. तालुक्याच्या साहेबांनी अगदी सभ्य शब्दांत हेच सांगितले, "बाई, तुमची लोकसंख्या बसत नाही."

बसणार कशी? २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. म्हणजे दहा वर्षांत ८० हजारांहून जास्त माणसे कमी. शेजारचा सिंधुदुर्गही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. सबंध महाराष्ट्र वाढत असताना आमचे हे दोन जिल्हे घटले. रत्नागिरीत तेव्हा हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. ही काही स्त्रीजन्माच्या स्वागताची गोष्ट नाही, पुरुष मुंबईला गेल्याची आहे. २०२१ ची जनगणना करोनामुळे वेळेवर झालीच नाही, त्यामुळे अजून २०११ चेच आकडे समोर ठेवले जातात.

मी चाळीसएक वर्षांपूर्वी शाळेत लागले तेव्हा एका वर्गात मुले मावत नव्हती. आज वाडीतली निम्मी घरे कुलूपबंद आहेत आणि उघड्या घरांतून बहुतेक साठीच्या पुढची माणसे आहेत. डोकी मोजली तर आम्ही कमी भरतो. पण दवाखाना डोक्यांना लागतो की दुखण्यांना? शंभर तरुण आणि शंभर म्हातारे यांना कागदावर सारखा दवाखाना पुरतो, प्रत्यक्षात पुरत नाही. जिथून धडधाकट माणसे निघून गेली तिथे मागे उरलेल्यांची गरज वाढते, आणि नियमाप्रमाणे हक्क मात्र कमी होतो. हा अन्याय कोणी मुद्दाम केलेला नाही, पण अन्याय तो आहेच.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की निवेदनात लोकसंख्या ओढूनताणून फुगवू नका. आमच्या समितीत एकाने सुचवले होते की चाकरमान्यांची नावेही धरावीत, गणपतीला येतातच ना! असले काही केले तर पहिल्याच तपासणीत अर्ज बाद होईल, आणि खऱ्या मुद्द्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. त्यापेक्षा अंतर आणि वेळ मांडा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डोंगराळ आणि वाळवंटी भागात उपकेंद्रासाठी 'उपचारापर्यंत पोचायला लागणारा वेळ' हा निकष आला आहे, तो अर्ध्या तासाच्या पायी अंतराचा. उपकेंद्राला जो न्याय लावता तोच डॉक्टरला का नाही, हे विचारायचा आम्हाला अधिकार आहे. प्रत्येक वाडीतून सध्याच्या केंद्रापर्यंत उन्हाळ्यात किती वेळ लागतो, पावसाळ्यात किती, एवढे दोन रकाने भरा. आठवीची मुलेही हे काम करतील. भूगोलाचा याहून चांगला प्रकल्प मला तरी सुचत नाही.

आता ज्यावरून माझ्याशी बोलणे टाकले, तो मुद्दा. जागा.

आमच्या गावातल्या एका सधन कुटुंबाने जमीन द्यायची तयारी दाखवली आहे. मन मोठे आहे, त्याबद्दल आभार. पण ती जमीन गावाच्या वरच्या अंगाला आहे. आमच्या गावाला ती जवळ, बाकीच्या सगळ्यांना उलटी. खोऱ्यातले तिन्ही रस्ते जिथे मिळतात तो तिठा शेजारच्या गावाच्या हद्दीत आहे. तिथे एस.टी. थांबते, रिक्षा मिळते, पावसाळ्यातही तिथपर्यंतचा रस्ता सहसा बंद होत नाही. केंद्र तिथे व्हावे, असे मी म्हटले. फलकावर आमच्या गावाचे नाव येणार नाही, खरे आहे. पण आजारी माणूस फलक वाचायला जात नाही.

"बाई, आपल्या गावाने एवढी खटपट केली आणि दवाखाना त्यांना द्यायचा?" असे मला विचारले गेले. द्यायचा कुठे? आपणही तिथेच जाणार आहोत. शिवाय दोन गावांनी दोन जागा मागितल्या की वरच्यांचे काम सोपे होते. 'जागेबाबत एकमत नाही' असा एक शेरा मारला की फाइल पाच वर्षे झोपते. भांडण आमचे, झोप त्यांची!

दुसरा मुद्दा इमारतीचा. मंडळाने देणगी गोळा करून बांधून देऊ असे म्हटले आहे. माझे म्हणणे, आधी पदे मंजूर करून घ्या. डॉक्टर, नर्स, औषध देणारा, रक्त तपासणारा, यांची पदे आणि पगाराची तरतूद नसेल तर संगमरवरी फरशी काय कामाची? कुलूपबंद इमारती आमच्याकडे आधीच पुष्कळ आहेत. देणगी द्यायचीच तर डॉक्टर आणि नर्स यांना राहायला नीट घरे बांधा. पाणी चोवीस तास, इन्व्हर्टर, दाराला मजबूत कडी. मुक्कामी डॉक्टर नसेल तर रात्री चावलेले फुरसे सकाळपर्यंत थांबत नाही.

मुक्कामी डॉक्टर काय करू शकतो, याचे उदाहरण शेजारच्या रायगडातच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा कोकणात माणसे, विशेषतः मुले, पटापट जात. डॉक्टर पेशंटच्या उशाशी रात्र-रात्र बसले, नोंदी ठेवल्या, आणि पुढे प्राझोसिन नावाचे रक्तदाबावरचे साधे औषध यावर चालते हे दाखवून दिले. मृत्यूचे प्रमाण शंभरात चाळीसच्या घरातून एक-दोनवर आले. त्यांचे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक डॉक्टर बावस्कर होणार नाही. पण तिथे राहणाऱ्या डॉक्टरलाच तिथला आजार दिसतो, हे मात्र प्रत्येकाच्या बाबतीत खरे आहे.

"आधी आहे ते केंद्र सुधारा, मग नवीन मागा," असेही एक मत आहे, आणि त्यात तथ्य आहे. म्हणून तिसरी गोष्ट. केंद्र मिळाले की मोहीम संपत नाही. रुग्ण कल्याण समिती कागदावर असते, तिच्या बैठकीला आपण जायला हवे. २००७ पासून महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचे उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. गावकऱ्यांनीच केंद्राला गुण द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बोलायचे, अशी ती पद्धत. मास्तरकीत आयुष्य गेल्यामुळे मला ती फार पटते. तपासणी होणार हे माहीत असले की गृहपाठ होतो! मात्र तपासणी म्हणजे डॉक्टरला दमात घेणे नव्हे. औषध संपले तर त्याच्या बाजूने जिल्ह्याला पत्र लिहिणे, हेही त्यातच येते.

असो. फार लांबले. माझ्याशी न बोलणाऱ्या घरांबद्दल राग नाही. त्यातल्या दोन घरांतली मुले माझ्याच हाताखाली शिकली, त्यांच्या आईवडिलांना रात्री-अपरात्री डॉक्टर मिळावा म्हणूनच मी हे बोलते आहे.

नातेवाइकांना एकच विनंती. "काकू, तुम्ही इकडेच या राहायला" हे प्रेमाने म्हणता ते कळते, पण सगळा गाव काही उचलून नेता येणार नाही. त्याऐवजी यंदा गणपतीला याल तेव्हा आरतीनंतर तासभर काढा, आपापल्या वाडीचे ते दोन रकाने भरून द्या, आणि मंडळाच्या मीटिंगमध्ये तिठ्याच्या बाजूने हात वर करा. आणि हो, पटले नाही तर तसेही कळवा. विरोधात बोलणाऱ्यांशी मी बोलणे टाकत नाही!