टिटवीचं उघडं घर



‘टिटिव टिव, टिटिव टिव!’ हा कर्कश आवाज तुम्ही नक्की ऐकला असेल. कधी कधी तो रात्रीही येतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, “टिटवी ओरडली, आता काहीतरी वाईट होणार!” पण ती बिचारी आपल्याला शाप देत नसते. कुत्रं, मुंगूस किंवा माणूस जवळ आला, की ती ओरडते. ओरडायला कारणही तसंच असतं. तिचं घर चक्क उघड्यावर असतं!

टिटवी ओळखायला सोपी. लांब पिवळे पाय, काळं डोकं, काळी छाती, मानेवर उतरणारा पांढरा पट्टा आणि डोळ्यांपुढे लाल मांसल गाठ. तिच्या पायाचं मागचं बोट अगदी इवलंसं असतं. त्यामुळे चिमणीसारखी फांदी घट्ट धरणं तिला जमत नाही. म्हणून तिचा सगळा संसार जमिनीवर! मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान शेतात, माळावर, तळ्याकाठी एखाद्या उथळ खळग्यात ती अंडी घालते. बहुतेक वेळा चार. ना काड्या, ना कापूस. भोवती थोडे खडे, फार तर शेळीच्या लेंड्या.

मग ही अंडी वाचतात कशी? त्यांच्या रंगामुळे. मातकट रंग आणि त्यावर काळे ठिपके. दोन पावलांवर असली तरी दिसत नाहीत. हा रंग आला कुठून, ते खेळून पाहा. वह्यांना घालतो त्या खाकी कागदाचे दहा तुकडे करा आणि पांढऱ्या कागदाचे दहा. सगळे अंगणातल्या मातीत पसरा. मित्राला सांगा, “दहा आकडे मोजेपर्यंत जमतील तेवढे उचल.” आता मोजा. पांढरे जास्त उचलले गेले ना? कावळाही असंच करतो. जी अंडी चटकन दिसली ती तो खातो, जी दिसली नाहीत ती उरतात. उरलेल्यांतून पिल्लं होतात आणि त्यांचीही अंडी तशीच मातकट. हजारो पिढ्या असं होत राहिलं.

पण नुसता रंग पुरत नाही. त्याला वागण्याची जोड लागते. कुत्रं जवळ आलं, की टिटवी खळग्यावरून उठून लांब पळते आणि पंख मोडल्यासारखी फडफडते. कुत्र्याला वाटतं, आयती शिकार! ते तिच्यामागे धावतं. अंड्यांपासून पुरेसं दूर गेलं, की टिटवी भुर्रकन उडून जाते. गाईगुरं चरत आली तर मात्र ती हे नाटक करत नाही. गुरं काही तिला खायला आलेली नसतात. भीती असते ती त्यांच्या खुरांची. तेव्हा ती पंख पसरून त्यांना हटवू पाहते.

आमच्या वर्गात एकीने विचारलं, “बाई, म्हणजे टिटवी खोटं बोलते का हो?” नाही. ठरवून फसवणं तिला ठाऊक नाही. ज्या टिटव्या अशा वागल्या, त्यांची पिल्लं जगली. त्या पिल्लांत ती सवय उपजतच आली.

सर्वांत मोठा शत्रू मात्र दिसतच नाही. तो म्हणजे ऊन! वैशाखात जमीन तव्यासारखी तापते. तेव्हा टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. नर-मादी आळीपाळीने बसतात. पाण्यात पोटाची पिसं भिजवून येतात आणि अंडी गार करतात.

आता नीट ऐका हं. सुट्टीत तुम्ही माळावर क्रिकेट खेळायला जाता आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागते. “अंडी कुठेत, बघू या,” म्हणून तुम्ही शोधत राहता. तुम्ही हात लावला नाही, तरी तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडतात. आतलं पिल्लू उष्णतेने मरू शकतं. म्हणून ती ओरडली, की पायाखाली बघत, आल्या वाटेने मागे फिरा. अंडी उबायला साधारण 28 ते 30 दिवस लागतात. तेवढे दिवस खेळपट्टी जरा लांब नेली, तर काय बिघडलं? आणि शेतात अंडी दिसली तर बाबांना, आजोबांना सांगा. तेवढी जागा सोडून नांगर किंवा ट्रॅक्टर फिरवता येतो. कुत्र्याला फसवणाऱ्या टिटवीचं ट्रॅक्टरच्या चाकापुढे काही चालत नाही.

आता तुमच्यासाठी प्रश्न : चिमणीचं पिल्लू अंड्यातून येतं ते उघडंबोडकं, डोळे मिटलेलं. टिटवीचं पिल्लू मात्र अंगावर मऊ पिसं आणि उघडे डोळे घेऊनच येतं आणि थोड्याच वेळात धावू लागतं. असं का बरं? विचार करा. उत्तर पुढच्या अंकात!

– तुमच्या बाई